बेलासिस रोडवरील प्रयोगशाळा

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत औषधांचे कारखाने आहेत, हे या शहरात आता कोणाला सांगावे लागत नाही. रसायनशास्त्राची पदवी घेतलेला येथील तरुण नोकरीचा पहिला अर्ज बहुधा तिकडेच करतो. शहराचे नाव औरंगाबाद होते त्या काळात, १९८० मध्ये, ल्युपिन या मुंबईच्या कंपनीने येथे औषधनिर्मितीचा कारखाना व संशोधन केंद्र उभारले. पुढे वोक्हार्ट आणि इतर कंपन्या आल्या. जमीन, पाणी आणि सरकारी सवलती यांचा या वाढीत वाटा आहेच. पण तेवढ्याने औषधांचा धंदा उभा राहत नाही. औषध बनवण्याची कायदेशीर मुभाही असावी लागते. ही मुभा भारतीय रसायनज्ञांना खऱ्या अर्थाने मिळाली ती १९७२ च्या एप्रिलमध्ये, आणि ती मिळावी म्हणून ज्यांनी आयुष्याचा मोठा भाग खर्च केला त्यांत डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांनी काढलेल्या कंपनीचे सिप्ला हे नाव कोपऱ्यावरच्या औषध दुकानातही दिसते. संस्थापकाचे नाव मात्र सुशिक्षितांपैकीही फार थोड्यांना ठाऊक असते.

हमीद यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९८ रोजी अलीगढ येथे झाला. सर सय्यद अहमद खान यांनी स्थापन केलेल्या महाविद्यालयामुळे ते गाव उत्तर हिंदुस्थानातील मुसलमान समाजाच्या नव्या शिक्षणाचे केंद्र बनले होते. घराण्यालाही त्या चळवळीचा वारसा होता. हमीद यांनी रसायनशास्त्र हा विषय घेतला आणि अलाहाबादहून त्याची उच्च पदवी मिळवली. त्या वेळच्या रीतीप्रमाणे अशा मुलाने सरकारी नोकरी धरावी किंवा वकिलीकडे वळावे. तसे झाले नाही, कारण मध्ये १९२० साल आले. गांधीजींच्या असहकाराच्या हाकेने अलीगढचे महाविद्यालय दुभंगले. सरकारी अनुदानावर चालणारे शिक्षण सोडून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जामिया मिल्लिया इस्लामिया ही राष्ट्रीय शिक्षणसंस्था काढली. हमीद त्या मंडळींत होते. या नव्या संस्थेत त्यांनी रसायनशास्त्र शिकवले. पुढे भारताचे राष्ट्रपती झालेले डॉ. झाकिर हुसेन हे त्यांचे याच काळातील स्नेही. खादी घालून, अपुऱ्या साधनांनिशी, उद्या पगार होईल की नाही याची खात्री नसताना शिकवण्याचा तो अनुभव हमीद यांच्या पुढील आयुष्यावर ठसा उमटवून गेला, असे मानण्यास जागा आहे. कारण व्यापारात पडल्यानंतरही त्यांनी काँग्रेसचे राजकारण आणि खादी यांपैकी काहीच सोडले नाही.

उच्च शिक्षणासाठी परदेशी जायचे तर इंग्लंड, हा तेव्हाचा ठरलेला मार्ग होता. हमीद यांनी जर्मनी निवडली. या निवडीला त्यांच्या चरित्रात वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले तरी ते वावगे ठरू नये. रसायनशास्त्राची राजधानी त्या काळी लंडन नव्हे, बर्लिन होती. रंगांच्या कारखान्यांतून औषधांचे कारखाने जन्माला घालण्याची किमया जर्मनांनी एकोणिसाव्या शतकातच साधली होती. बायर आणि होएक्स्ट या मुळात रंग बनवणाऱ्या कंपन्या; पण डांबरापासून रंग काढता काढता त्यांच्या प्रयोगशाळा ताप उतरवणारी, वेदना शमवणारी द्रव्ये काढू लागल्या. पाउल एर्लिख यांचे उपदंशावरील साल्व्हर्सान १९१० मध्ये होएक्स्टच्याच कारखान्यातून बाजारात आले. विद्यापीठातील प्राध्यापक, कारखान्यातील रसायनज्ञ आणि रुग्णालयातील वैद्य हे तिघे एकाच साखळीचे दुवे आहेत, हे दृश्य तेथे रोजचे होते. बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट घेताना हमीद यांनी ते जवळून पाहिले.

आणखी एक गोष्ट त्यांना जर्मनीत पाहायला मिळाली असणार, आणि पुढील कथेच्या दृष्टीने तीच अधिक मोलाची. जर्मनीच्या १८७७ च्या कायद्यानुसार रासायनिक पदार्थावर किंवा औषधावर पेटंट मिळत नसे. ते मिळे केवळ तो पदार्थ तयार करण्याच्या पद्धतीवर. एखाद्याने वेगळ्या वाटेने तोच पदार्थ बनवला तर त्याला कोणी अडवू शकत नसे. जर्मन रसायनज्ञ नव्या नव्या पद्धती शोधण्याच्या मागे लागले याचे एक कारण हा कायदाही होता. ज्या देशाने औषधविद्येत जगाचे नेतृत्व केले त्याने औषधाच्या वस्तूवर मालकी हक्क देण्याचे १९६८ पर्यंत टाळले, ही गोष्ट नंतरच्या वादात सोयीस्करपणे विसरली जात असे.

बर्लिनमध्येच त्यांना लूबा डेरचान्स्का भेटल्या. त्या विल्ना शहरातील, म्हणजे आजच्या लिथुएनियाच्या राजधानीतील, ज्यू कुटुंबातून आलेल्या आणि विचाराने डाव्या. १९२८ मध्ये दोघांचा विवाह झाला. अलीगढचा मुसलमान राष्ट्रवादी आणि विल्नाची ज्यू समाजवादी असे हे जोडपे मुंबईला संसार मांडते, ही घटना आज जितकी असाधारण वाटते तितकी ती तेव्हाही होतीच. त्यांचा मुलगा युसुफ याचा जन्म १९३६ मध्ये आईच्या माहेरी, विल्नातच, झाला. पाच वर्षांनी जर्मन सैन्य त्या शहरात शिरले आणि तेथील ज्यू वस्तीचा जवळजवळ निःपात झाला. ज्या जर्मनीने हमीद यांना विद्या दिली तिनेच त्यांच्या सासरचा परिसर नष्ट केला.

मायदेशी परतल्यावर कारखाना लगेच उभा राहिला नाही. त्यासाठी १९३५ साल उजाडावे लागले. त्या सुमारास देशातील औषधाच्या बाजाराची स्थिती काय होती हे पाहिले म्हणजे या उद्योगाचे धाडस ध्यानात येते. स्वदेशी औषधनिर्मिती अगदीच नव्हती असे नाही. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या बेंगॉल केमिकल कंपनीने १९०१ पासून कलकत्त्यात पाय रोवले होते, बडोद्याला प्रा. त्रिभुवनदास गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांच्या प्रयत्नांतून १९०७ साली अलेंबिक उभी राहिली होती. तथापि बाजारातील नव्या औषधांचा मोठा भाग बोटीने येई. जर्मन, ब्रिटिश, स्विस कंपन्यांची औषधे बंद बाटल्यांतून येत, आणि हिंदी व्यापारी ती विकून आपले अडतीचे पैसे घेत. डॉक्टरांचा विश्वासही परदेशी छापावरच होता. हिंदी कारखान्याचे इंजेक्शन म्हटले की टोचणाऱ्याचा हात थबके, कारण निर्जंतुक कुपी, शुद्ध द्रव्य आणि अचूक मात्रा या गोष्टी येथे जमतील यावर त्याचा भरवसा नव्हता.

दि केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज असे लांबलचक नाव असलेली कंपनी १७ ऑगस्ट १९३५ रोजी मुंबईत नोंदली गेली. अधिकृत भांडवल सहा लाख रुपये होते. नावातील इंग्रजी आद्याक्षरांवरून सिप्ला हा शब्द रूढ झाला. हमीद यांनी आपल्याजवळची औषधांची सर्व सूत्रे आणि हक्क कंपनीला दिले आणि त्यांबद्दल स्वामित्वधन घेतले नाही. मुंबई सेंट्रलजवळ बेलासिस रोडवर एक लहान बंगला दरमहा ३५० रुपये भाड्याने वीस वर्षांच्या कराराने घेण्यात आला. काही खोल्या, थोडी उपकरणे आणि मूठभर रसायनज्ञ, एवढ्यावर काम सुरू झाले. पहिली औषधे तयार होऊन २२ सप्टेंबर १९३७ रोजी कारखान्याचे रीतसर उद्घाटन झाले. नोंदणीपासून उत्पादनापर्यंत दोन वर्षे गेली, यात दिरंगाई शोधणाऱ्याने इंजेक्शनसाठी लागणारे नुसते पाणी शुद्ध करण्यास काय काय लागते हे एकदा पाहावे.

त्याच वर्षी हमीद मुंबई विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाचे सभासद झाले आणि १९६२ पर्यंत ते त्या सभागृहात होते. कारखानदार आणि लोकप्रतिनिधी अशी ही जोड आज संशयाने पाहिली जाईल, आणि ते योग्यही आहे. स्वतःच्या मालाला पोषक कायदे मागणारा कारखानदार म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवणे सोपे होते. त्यांची मागणी मान्य झाल्याने त्यांच्या कंपनीचा फायदा झाला हे निर्विवाद आहे. पण तो फायदा एका कंपनीपुरता राखून ठेवणारे परवाने किंवा मक्ते त्यांनी मागितले नाहीत. ज्याला रसायनशास्त्र येते त्या प्रत्येकाला दार उघडे असावे, अशी मागणी केली. पुढे त्याच दारातून त्यांचे डझनावारी प्रतिस्पर्धी आत आले.

महात्मा गांधींनी ४ जुलै १९३९ रोजी बेलासिस रोडच्या कारखान्याला भेट दिली. यंत्रयुगाविषयी एवढे साशंक असलेल्या आणि औषधांपेक्षा निसर्गोपचारावर भिस्त ठेवणाऱ्या या पाहुण्याने तेथे काय पाहिले असेल असा प्रश्न पडतो. अभिप्रायवहीत त्यांनी समाधान व्यक्त केले. दोनच महिन्यांनी युरोपात युद्ध पेटले, आणि स्वदेशी औषधांचा प्रश्न भावनेचा न राहता टंचाईचा झाला. जर्मन माल बंद झाला; ब्रिटिश माल सैन्याकडे वळला; १९४२ च्या मार्चमध्ये जावा बेट जपान्यांच्या हाती पडले आणि जगातील सिंकोनाच्या सालीचा सर्वांत मोठा साठा, म्हणजेच क्विनीनचा उगम, हातचा गेला. हिवतापाने दरसाल लाखो माणसे मरणाऱ्या देशात ही बातमी किती भयंकर होती, याची कल्पना आजच्या पिढीला येणे कठीण आहे. या वर्षांत सिप्लाने आपली सर्व साधने युद्धकाळाच्या गरजेला जुंपली आणि तोवर आयात होणारी शुद्ध रसायने येथेच तयार करण्याचे काम हाती घेतले.

युद्धाने दिलेला धडा हमीद यांनी नेमका ओळखला. औषधाच्या धंद्यात दोन अगदी भिन्न कामे असतात. एक, मूळ औषधद्रव्य तयार करणे. दुसरे, त्या द्रव्याची गोळी, पूड, मलम किंवा इंजेक्शन करून ते डब्यात भरणे. दुसरे काम तुलनेने सोपे, कमी भांडवलाचे आणि लवकर नफा देणारे. म्हणून स्वदेशी म्हणवणारे बहुतेक कारखाने परदेशी द्रव्य आणून येथे गोळ्या पाडीत असत. बोटी थांबल्या की अशा कारखान्याची चाकेही थांबत. मूळ द्रव्य बनवण्यास मात्र रसायनज्ञ लागतात, दाब आणि उष्णता सोसणारी भांडी लागतात, प्रत्येक टप्प्यावर शुद्धता तपासणारी प्रयोगशाळा लागते, आणि मुख्य म्हणजे अपयश पचवण्याइतका धीर लागतो. १९४४ मध्ये कंपनीने मुंबई सेंट्रलची जागा विकत घेऊन तेथे अद्ययावत कारखाना व प्रयोगशाळा उभारण्याचे ठरवले आणि विक्रोळीच्या जमिनीकडेही तिचे लक्ष वळले. मूळ रसायने स्वतः बनवायची हा निर्णय याच सुमाराचा.

युद्धकाळातच सरकारी पातळीवर वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद आकाराला येत होती. २६ सप्टेंबर १९४२ रोजी तिची स्थापना झाली. तिचे शिल्पकार म्हणून डॉ. शांतिस्वरूप भटनागर यांचे नाव सर्वांना माहीत आहे व ते यथार्थ आहे. पण उद्योगांना उपयोगी पडणाऱ्या संशोधनसंस्थांचा आराखडा मांडून तो सरकारच्या गळी उतरवणाऱ्यांत हमीद होते. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, जिचे उद्घाटन १९५० च्या जानेवारीत पंडित नेहरूंच्या हस्ते झाले, ती याच परिषदेची. बर्लिनमध्ये पाहिलेली प्राध्यापक आणि कारखानदार यांची साखळी येथे जुळावी ही त्यामागची इच्छा होती. ती किती जुळली हा निराळा विषय.

फाळणीच्या वेळी उत्तरेतील सुशिक्षित मुसलमान कुटुंबे दुभंगली. अलीगढच्या कितीतरी जुन्या विद्यार्थ्यांनी कराचीची वाट धरली. हमीद यांनी द्विराष्ट्रवाद कधीच मानला नव्हता. ते मुंबईतच राहिले.

सिप्लाच्या आरंभीच्या इतिहासातील सर्पगंधेचे प्रकरण थोडे विस्ताराने सांगण्याजोगे आहे. या झुडपाची मुळी आपल्याकडील वैद्य उन्माद आणि निद्रानाश यांवर शतकानुशतके वापरीत आले. १९३१ मध्ये दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी तिच्यातील अल्कलॉइडे वेगळी केली; त्याच वर्षी कलकत्त्याच्या सेन आणि बोस या दोघांनी तिने रक्तदाब उतरतो हे नोंदवले. हिमालय कंपनीने १९३४ मध्ये तिच्या गोळ्या बाजारात आणल्या. मुळीची भुकटी करायची, मद्यार्कात भिजवून तिचा अर्क काढायचा, आम्ल आणि अल्कली यांच्या आलटून पालटून केलेल्या क्रियांनी त्यातील निरुपयोगी भाग टाकायचा आणि उरलेल्या द्रव्याची मात्रा दर गोळीत सारखी राहील असे पाहायचे, असे हे काम. सिप्लाने सर्पिनॉइड या नावाने असे औषध तयार केले आणि कंपनीच्या इतिहासानुसार १९४६ मध्ये ते आठ लाख रुपयांचे अमेरिकेला निर्यात झाले. ज्या कंपनीचे स्थापनेच्या वेळचे अधिकृत भांडवल सहा लाख होते तिने अकरा वर्षांनी एका औषधाची आठ लाखांची निर्यात करावी, हे त्या काळच्या मानाने लहान यश नव्हे.

पण कथा तेथे संपत नाही. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी पन्नास रुग्णांवरील अनुभव १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे गेले. तीन वर्षांत, १९५२ मध्ये, सीबा या स्विस कंपनीच्या रसायनज्ञांनी तिच्यातील रेझर्पीन हे मुख्य प्रभावी द्रव्य शुद्ध रूपात काढले आणि ते सर्पासिल या नावाने जगभर विकले गेले. झुडूप आपले, वैद्यांचे ज्ञान आपले, रुग्णांवरील पुरावा मुंबईचा. शेवटचा, निर्णायक टप्पा मात्र बाझलच्या प्रयोगशाळेत गाठला गेला. याबद्दल स्विस रसायनज्ञांना दोष देता येणार नाही. त्यांच्याजवळ असलेली उपकरणे, माणसे आणि पैसा आपल्याजवळ नव्हता. अर्क काढण्यापासून शुद्ध रेणूपर्यंतचे अंतर किती दुस्तर असते, हे सर्पगंधेने आपल्या उद्योगाला दाखवले.

ते अंतर तोडण्याची सिप्लाची खटपट पुढील पिढीत अधिक फळाला आली. केंब्रिजला नोबेल विजेते अलेक्झांडर टॉड यांच्या हाताखाली डॉक्टरेट घेऊन युसुफ हमीद १९६० मध्ये परतले आणि कंपनीच्या संशोधन विभागात रुजू झाले. दुसऱ्या वर्षी विक्रोळीच्या कारखान्यात डायोस्जेनिन तयार होऊ लागले. रानटी कंदांतून निघणारे हे द्रव्य स्टेरॉइड व संप्रेरके यांचा पाया होय. मेक्सिकोत रसेल मार्कर यांनी १९४० च्या दशकात ही वाट शोधल्याने पूर्वी सोन्याच्या भावाने मिळणारी संप्रेरके स्वस्त झाली होती. विक्रोळीत त्याच द्रव्यापासून पुढची औषधे बनू लागली. १९६८ मध्ये अँपिसिलिन हे प्रतिजैविक देशात प्रथम सिप्लाने बनवले.

तरीही एक भिंत आड येत होती, आणि ती रसायनशास्त्राची नव्हती. १९११ चा पेटंट कायदा इंग्रजांनी केलेला. सोळा वर्षांची, आणि प्रसंगी त्याहून अधिक, मक्तेदारी त्यातून मिळे. देशात नोंदलेली बहुतेक पेटंटे परदेशीयांची होती, आणि त्यांपैकी फारच थोड्यांचा वापर येथील कारखान्यात होत असे. पेटंट घ्यायचे ते वस्तू येथे बनवण्यासाठी नव्हे, तर दुसऱ्याने बनवू नये म्हणून, असा हा प्रकार होता. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती बक्षी टेकचंद यांच्या समितीने आणि पुढे १९५९ मध्ये न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या अहवालाने हे उघडे केले. अमेरिकेच्या सिनेटमध्ये त्याच सुमारास सिनेटर केफॉव्हर यांची समिती औषधांच्या किमतींची चौकशी करीत होती. औषधे ज्या देशांत सर्वांत महाग मिळतात त्यांत भारत मोडतो, असे तिला आढळले. ज्या देशात माणसे सर्वांत गरीब तेथे औषध सर्वांत महाग, हा न्याय कोणाच्याही पचनी पडण्याजोगा नव्हता.

या कायद्याची धार कशी होती हे मुंबई उच्च न्यायालयातील एका खटल्याने दाखवले. मधुमेहावरील टोल्ब्युटामाइड या औषधाचे पेटंट होएक्स्टकडे होते. परळच्या हाफकिन संस्थेतील शास्त्रज्ञांनी ते बनवण्याची पद्धत बसवली आणि मुंबईच्या युनिकेम कंपनीने त्या पद्धतीने उत्पादन सुरू केले. होएक्स्टने दावा लावला. १९६८ मध्ये निकाल जर्मन कंपनीच्या बाजूने लागला. न्यायालयाने चूक केली असे नव्हे. कायद्याचे शब्दच इतके व्यापक होते की एका पेटंटाच्या छत्राखाली शेकडो, हजारो संभाव्य द्रव्ये सामावली जात. सरकारी पैशावर चालणाऱ्या देशी संस्थेने केलेल्या कामाचा लाभ देशातील मधुमेह्याला देता येत नव्हता.

देशी औषध उत्पादकांनी १९६१ मध्ये आपली संघटना उभारली, तीत हमीद पितापुत्र पुढे होते. दशकभर निवेदने गेली, शिष्टमंडळे दिल्लीला गेली, संसदेच्या समित्यांपुढे साक्षी झाल्या. परदेशी कंपन्यांचाही एक मुद्दा होता, आणि तो सर्वस्वी पोकळ नव्हता: नव्या औषधाच्या शोधाला प्रचंड खर्च येतो, त्याला संरक्षण नसेल तर शोध कोण लावील? देशी उत्पादकांच्या बाजूने जर्मनीचे उदाहरण होते. फ्रान्सने १९५९ पर्यंत औषधाला वस्तू म्हणून पेटंट दिले नव्हते. इटली व स्वित्झर्लंड हे देश तर अजूनही देत नव्हते. आपला उद्योग बाळसे धरीपर्यंत सर्वांनी ज्या वाटेने प्रवास केला ती भारतालाच बंद का, या प्रश्नाचे उत्तर कोणी समाधानकारक दिले नाही.

संसदेने १९७० मध्ये नवा कायदा मंजूर केला. औषध, अन्न आणि रासायनिक पदार्थ यांच्या वस्तूवर यापुढे पेटंट नाही. केवळ पद्धतीवर, आणि तेही औषधाच्या बाबतीत पेटंट मिळाल्यापासून पाच किंवा अर्ज केल्यापासून सात वर्षे, यांतील जी मुदत आधी संपेल तेवढीच. बर्लिनमध्ये अर्धशतकापूर्वी हमीद यांनी जे पाहिले होते त्याच्याशी हा कायदा कितीतरी मिळताजुळता होता. त्यानंतरच्या दोन दशकांत देशात औषध कारखान्यांची जी रांग लागली, तीतच औरंगाबादचे कारखाने येतात. याच कायद्याच्या बळावर तयार झालेल्या कौशल्यातून सिप्लाने २००१ च्या फेब्रुवारीत एड्सवरील तीन औषधांचा वर्षभराचा पुरवठा ३५० डॉलरना देऊ केला, ज्याची किंमत पाश्चात्त्य बाजारात तोवर दहा हजार डॉलरच्या वर होती. जागतिक व्यापार कराराने पुढे ही सवलत काढून घेतली आणि १ जानेवारी २००५ पासून औषधांवर वस्तूचे पेटंट पुन्हा देता येऊ लागले. पण तोवर देशी उद्योग स्वतःच्या पायावर उभा होता.

उभा होता, पण पूर्णपणे नव्हे. हमीद यांनी ज्या गोष्टीचा आग्रह धरला होता, मूळ औषधद्रव्य येथेच बनवण्याचा, ती पुढच्या कारखानदारांनी स्वस्ताईच्या मोहाने बरीचशी सोडून दिली. पेनिसिलिनसारख्या द्रव्यांचे देशी कारखाने १९९० नंतर एकामागून एक बंद पडले, कारण चिनी माल कमी दरात मिळू लागला. आज देशाला लागणाऱ्या मूळ द्रव्यांचा आणि त्यांच्या कच्च्या मालाचा मोठा हिस्सा चीनमधून येतो. २०२० च्या आरंभी साथीमुळे तेथील कारखाने बंद झाले तेव्हा १९३९ च्या टंचाईची आठवण व्हावी अशी धावपळ येथे उडाली होती.

नवा पेटंट कायदा २० एप्रिल १९७२ रोजी अमलात आला. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी त्याच वर्षी आपले आत्मचरित्र पूर्ण केले होते. २३ जून १९७२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा कायदा लागू होऊन दोन महिने आणि तीन दिवस झाले होते. बेलासिस रोडच्या भाड्याच्या बंगल्याच्या जागी तोवर कंपनीच्या मालकीची इमारत उभी होती, आणि विक्रोळीच्या कारखान्याची सूत्रे युसुफ हमीद यांच्याकडे गेली होती.